अँजिओग्राफी नॉर्मल, तरी हृदयात व्रण : माझ्या कार्डियाक एमआरआयचा अनुभव

अँजिओग्राफी नॉर्मल आली की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. आमच्याकडंही तसंच झालं. "ब्लॉकेज नाही" हे दोन शब्द ऐकले आणि मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिथंच उभ्या उभ्या हात जोडले. पण ब्लॉकेज नाही म्हणजे हृदयाला काहीच झालं नाही, असं नसतं. अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या. खुद्द हृदयाचा स्नायू कसा आहे, त्यातला कुठला भाग मेलाय, कुठं सूज आहे, हे त्यात कळत नाही. माझ्या हृदयाच्या भिंतीत व्रण होता आणि तो सापडला कार्डियाक एमआरआयमध्ये, म्हणजे हृदयाच्या एमआरआयमध्ये. आमच्या भागात एमआरआय म्हटलं की लोकांना मणका आठवतो, नाहीतर गुडघा. हृदयाचाही एमआरआय होतो हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या फाइलमध्ये "सगळं नॉर्मल" लिहिलंय आणि तरीही धडधड थांबत नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय बेचाळीस. बीपी नाही, शुगर नाही, घरात कुणाला हृदयाचा आजार नाही. मागच्या पावसाळ्यात गावात तापाची साथ होती, त्यात मीही सापडले. ताप उतरला आणि छातीत दुखायला लागलं. उताणं पडलं की जास्त दुखायचं, पुढं वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. बीडला नेलं. ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं. हृदयाच्या पेशींना इजा झाली की हे ट्रोपोनिन रक्तात उतरतं, म्हणून तातडीनं अँजिओग्राफी झाली. नळ्या स्वच्छ निघाल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, व्हायरल तापात हृदयाच्या स्नायूलाच सूज आली असावी, मायोकार्डायटिस म्हणतात त्याला. औषधं दिली, विश्रांती सांगितली. मी बरी झाले, शाळेवर रुजू झाले.

थंडीच्या दिवसांत पुन्हा सुरू झालं. आता दुखणं नव्हतं. छातीत एकदम काहीतरी उसळी मारायचं, मग क्षणभर सगळं थांबल्यासारखं व्हायचं. एकदा परिपाठाच्या वेळी पोरांपुढं उभी असताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खांबाला धरून खाली बसले. होल्टर लावला, म्हणजे चोवीस तासांचा ईसीजी. त्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके भरपूर निघाले. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४८ टक्के. डावा कप्पा दर ठोक्याला त्याच्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, तो हा आकडा. नॉर्मल साधारण ५५ च्या वर धरतात. "फार कमी नाही, पण तुमच्या वयाला शोभत नाही," कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले.

मग त्यांनी जे समजावलं ते मला नीट पटलं. हृदयाच्या स्नायूची पेशी मेली की तिच्या जागी नवी पेशी जवळजवळ तयार होत नाही. तिथं तंतूंचा व्रण भरतो. व्रण आकसत नाही, प्रसरत नाही आणि त्यातून विजेचा प्रवाहही नीट जात नाही. ठोक्याचा प्रवाह त्या जागेला वळसा घालून जातो आणि त्या वळशात कधी कधी गोल गोल फिरत राहतो. जादा ठोक्यांचं मूळ तिथं असू शकतं. सूज जाऊन मागं असा व्रण राहिलाय का, राहिला असेल तर कुठं आणि किती, हे बाहेरून ओळखण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग कार्डियाक एमआरआय. इको भिंत कशी हलते ते दाखवतो. ती भिंत कशामुळं कमी हलते, ते इकोत दिसेलच असं नाही.

घरी आल्यावर मामींनी पहिला प्रश्न विचारला, "आता आन् काय करायलेत? परत त्यो तार घालायचा का?" म्हटलं, नाही, तार नाही, चिरफाड नाही, एक्स-रेचे किरणसुद्धा नाहीत. नुसतं मशीनमध्ये पडून राहायचं. "आन् मंग एवढा खर्च कशाचा?" त्याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, नंतर मिळालं.

सेंटर शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. आधी जवळपास फोन केले. एमआरआय होतो का विचारलं की "होतो, या" असंच उत्तर मिळायचं. हृदयाचा म्हटल्यावर पलीकडं एकदम शांतता. धडधडणाऱ्या, सतत हलणाऱ्या अवयवाची चित्रं घ्यायची तर मशीनमध्ये त्यासाठीचं सॉफ्टवेअर लागतं, ईसीजीची जोडणी लागते, छातीवर ठेवायची वेगळी कॉइल, म्हणजे हृदयाचे संकेत टिपणारी चौकट, लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते करणारा टेक्निशियन आणि वाचणारा रेडिऑलॉजिस्ट, दोघांचाही हात त्यात बसलेला हवा. मणक्याचे उत्तम रिपोर्ट देणारं सेंटर हृदयाचा करेलच असं नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. म्हणून फोनवर विचारायचं ते असं: "कार्डियाक एमआरआय, कॉन्ट्रास्टसहित, तुमच्याकडं नेहमी होतो का?" यातला "नेहमी" सोडू नका. शेवटी आमच्या कार्डिऑलॉजिस्टनीच छत्रपती संभाजीनगरच्या एका सेंटरचं नाव दिलं आणि तिथली वेळ मिळाली.

जाण्याआधी क्रिएटिनिन तपासून आणायला सांगितलं, मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी ही रक्ततपासणी. कॉन्ट्रास्ट म्हणून शिरेतून जे गॅडोलिनियमचं औषध देतात ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ते अंगात रेंगाळतं, आणि काही जुन्या प्रकारच्या औषधांनी अशा रुग्णांची कातडी आणि आतले अवयव कडक होण्याचा गंभीर आजार झाल्याची उदाहरणं आहेत. मूत्रपिंड ठीक असेल तर बहुतेक सगळं औषध दिवसभरात लघवीतून निघून जातं. मी वाचलं होतं की २०१७ मध्ये युरोपातल्या औषध नियामकांनी जुन्या प्रकारातली काही औषधं थांबवली, कारण ती शरीरात थोडी मागं उरत होती. सेंटरला फोन करून विचारलं, तुम्ही कुठलं देता? तिथल्या बाईंनी न चिडता सांगितलं, नव्या, वलयाकार रचनेचं, जे गॅडोलिनियमला घट्ट धरून ठेवतं. असं विचारायला संकोच करू नये. अंग आपलं आहे.

आणखी एक तयारी त्यांनीच सुचवली, ती फार कामाला आली. श्वास बाहेर सोडून तसाच धरून ठेवायचा सराव. आपण फोटोला किंवा एक्स-रेला श्वास आत घेऊन थांबतो. इथं उलटं असतं. श्वास सोडल्यावर पडदा, म्हणजे फुप्फुसांखालचा डायफ्राम, दर वेळी जवळपास त्याच जागी येऊन थांबतो, म्हणून हृदयही त्याच जागी राहतं. आत घेतलेला श्वास एकदा कमी, एकदा जास्त होतो आणि चित्रांचे काप एकमेकांशी जुळत नाहीत. रोज जेवणाआधी मी ओसरीवर आडवी पडायचे आणि हे मोबाइलवर सेकंद मोजायचे. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत जीव घाबरा झाला. पुढं पंधरापर्यंत सहज जाऊ लागले. माझी धाकटी लेक शेजारी झोपून माझ्याबरोबर श्वास धरायची आणि दर वेळी माझ्याआधी सोडायची.

दागिन्यांचा विषय मात्र नाजूक होता. एमआरआयचं मशीन म्हणजे मोठा चुंबकच, त्याच्या खोलीत धातूचं काही चालत नाही. बांगड्या, कानातलं, चमकी, केसातल्या पिना, जोडवी, मंगळसूत्र, सगळं उतरवायचं. जोडवी लग्नापासून बोटात रुतलेली. साबण लावून, तेल लावून, शेवटी दोरा गुंडाळून काढली. एका बोटाची कातडी सोलली. मंगळसूत्राला मामी काही केल्या तयार नव्हत्या. दवाखान्याचं काम आणि गळा मोकळा, हे त्यांच्या मनाला लागत होतं. मी वाद घातला नाही. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी स्वतः हळकुंड घेतलं, पिवळ्या दोऱ्यात बांधलं आणि माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, "ह्यात काय लोखंड न्हाई. ह्ये कुनी काढाया लावलं तर मला फोन लाव."

पहाटे निघालो. मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडला गोदावरीचा पूल, पाचोड, आणि उन्हं चढायच्या आत संभाजीनगर. चार तास उपाशी राहायला सांगितलं होतं, म्हणून वाटेत यांनीही चहा घेतला नाही.

सेंटरमध्ये आधी एक लांबलचक फॉर्म भरून घेतला. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, कानाचं मशीन आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, गरोदर आहात का, आधी कशाची अॅलर्जी आली होती का. डोळ्यातल्या कणाचा प्रश्न मला विचित्र वाटला. मग कळलं की वेल्डिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात बारीक कण बसलेला असतो आणि चुंबकाच्या ओढीनं तो हलू शकतो. चुंबक सतत चालू असतो. तपासणी सुरू नसताना, रात्रीसुद्धा. तो द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांना ठेवलेला असतो आणि दिवा बंद करावा तसा तो बंद करता येत नाही. २०१८ साली मुंबईत एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर नेल्यामुळं एका माणसाचा जीव गेला होता. म्हणून दारावरची बाई खिशातल्या किल्ल्यांसाठी दहा वेळा विचारत असेल तर तिच्यावर चिडू नका.

बाकावर माझ्याशेजारी गंगाखेडकडचे एक काका बसले होते, सोबत मुलगा. त्यांना मागं कधीतरी झटका येऊन गेला होता, त्यांना कळलाच नव्हता. आता पंपिंग ३० च्या आसपास आणि एक नळी पूर्ण बंद. मुलगा म्हणाला, "बाई, डॉक्टर म्हणायलेत की नळी उघडून फायदा हाय का न्हाई, ते आधी बघू. मागचा स्नायू जिवंत असंल तर फायदा, न्हाईतर नुसता खर्च." हा या तपासणीचा एक मोठा उपयोग. २००० साली अमेरिकेत रेमंड किम, रॉबर्ट जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की भिंतीच्या जाडीचा जेवढा जास्त भाग व्रणानं व्यापलाय, तेवढी नळी उघडल्यावर ती भिंत पुन्हा हलायची शक्यता कमी. निम्म्याहून जास्त जाडी गेली असेल तर आशा फारच थोडी. आता डॉक्टर एवढ्या एकाच गोष्टीवर निर्णय घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कमजोर हृदयाच्या रुग्णांना औषधांच्या जोडीला स्टेंट घालून मृत्यू किंवा अॅडमिट होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पण काय मेलंय आणि काय जिवंत आहे हे माहीत असल्याशिवाय बोलायचं तरी कशावर? काकांना फक्त एवढंच हवं होतं की मुलानं कर्ज काढायच्या आधी कुणीतरी नीट सांगावं. मला ते फार रास्त वाटलं.

माझं नाव पुकारलं. कपडे बदलून त्यांचा गाऊन घातला. टेक्निशियन तिशीतला मुलगा होता, बोलण्यावरून जालन्याकडचा. गळ्यातलं हळकुंड त्यानं बोटांत धरून पाहिलं, दोऱ्यात तार आहे का ते चाचपलं आणि म्हणाला, "राहू द्या ताई, चालतंय." फक्त छातीवरच्या पट्ट्यांच्या आड येऊ नये म्हणून मानेकडं सरकवलं. फोन लावायची वेळ आली नाही.

हातात सलाइनची सुई बसवली आणि त्याच वेळी थोडं रक्त घेतलं. त्यातून हिमॅटोक्रिट काढतात, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत ते. पुढं स्नायूंतल्या पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण काढताना तो आकडा लागतो. व्रण असा एका जागी नसून सगळ्या स्नायूत बारीक पसरलेला असेल तर तो डोळ्याला दिसत नाही, या हिशेबातून कळतो. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या चिकटवल्या, वर कॉइल ठेवली, कानात बोळे, त्यावर हेडफोन, हातात रबरी फुगा. घाबरल्यासारखं झालं तर तो दाबायचा. खोली चांगलीच थंड होती, मी मागितल्यावर पायांवर चादर टाकली.

टेबल आत सरकलं. बोगद्याचं छत नाकाच्या अगदी वर. मी डोळे आत जायच्या आधीच मिटले होते आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी हे करून पाहावं.

सूचना इंग्रजीत रेकॉर्ड केलेल्या होत्या. मी आधीच म्हटलं होतं, दादा, मराठीत सांगाल का? त्यानं सगळ्या वेळ स्वतः माइकवर सांगितलं. "श्वास घ्या. सोडा. पूर्ण सोडा. आता धरा." मग ठणठण, खडखड, कधी एकसुरी भोंग्यासारखा आवाज. "घ्या श्वास." थोडी उसंत, आणि पुन्हा तेच. हे कितीतरी वेळ चाललं. आधी हलत्या हृदयाची चित्रं, वेगवेगळ्या बाजूंनी. मग सूज आहे का ते दाखवणारी. मग औषध देण्याआधीची स्नायूची मोजमापं.

अडचण आली ती माझ्या ठोक्यांमुळं. एक चित्र एका ठोक्यात पुरं होत नाही. मशीन ईसीजी बघत, दर ठोक्यातल्या ठरावीक क्षणी थोडा थोडा भाग टिपतं आणि अनेक ठोके जोडून एक चित्र तयार करतं. मधेच एखादा ठोका आगाऊ पडला की जोडणी चुकते आणि चित्र पुसट येतं. "ताई, मधी ठोका चुकायलाय, परत घेऊ." ज्या दुखण्यासाठी तपासणी तेच दुखणं तपासणीच्या आड येत होतं आणि मला रडायला आलं. पण तो मुलगा एकदाही वैतागला नाही. एकदा म्हणाला, "घाई नाही, तुम्ही दोन-चार साधे श्वास घ्या, मग सांगतो." मग त्यानं मशीनमध्ये काहीतरी बदल केला, चुकलेले ठोके वगळून घेता येतात म्हणे, त्यानंतर जमत गेलं. घरी केलेला सराव नसता तर मी अर्ध्यात थकले असते, हे खात्रीनं सांगते.

मग औषध. दंडातून वर थंड काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटलं, तोंडात किंचित वेगळी चव आली आणि लगेच गेली. बाकी काही नाही. आता थांबायचं असतं, साधारण दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. त्या वेळातही चित्रं चालूच होती.

का थांबायचं, हे रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी नंतर समजावलं. गॅडोलिनियम जिवंत पेशीच्या आत शिरत नाही, पेशींच्या बाहेरच्या जागेतच राहतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीनं बसलेल्या, बाहेरची जागा थोडी, म्हणून औषध येतं तसं निघूनही जातं. व्रणात पेशी नाहीत, नुसते तंतू आणि मोकळी जागा, तिथं ते भरतं आणि रेंगाळतं. पाऊस उघडल्यावर निचऱ्याच्या रानातलं पाणी उतरून जातं आणि चिबड जागा तेवढी ओली राहते, तसंच हे. म्हणून लगेच पाहून उपयोग नाही, थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो. मग मशीनचा एक वेळ असा जुळवतात की निरोगी स्नायू पूर्ण काळा दिसावा. काळा झाला की त्यात जिथं औषध अडकलंय ती जागा पांढरी चमकते. हा वेळ प्रत्येकाचा वेगळा, त्या दिवशी, त्या घटकेला बघूनच ठरवावा लागतो. एवढा खर्च कशाचा, या मामींच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. मशीन आपोआप व्रण दाखवत नाही. ते जुळवणारी माणसं लागतात.

बाहेर आले तेव्हा तास उलटून गेला होता. यांनी बिस्किटाचा पुडा पुढं केला. मी आधी पाणी प्यायले, भरपूर.

मी मॅडमना विनंती केली होती की जमलं तर मला चित्रं दाखवा. शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना वेळ होता, त्यांनी आत बोलावलं. पडद्यावर माझं हृदय हलत होतं. मधोमध आडवा काप घेतलेला डावा कप्पा, रक्तानं भरलेला, भोवती स्नायूचं जाड कडं. ते कडं आकसायचं, सुटायचं. मी इतकी वर्षं पाचवीच्या पोरांना मुठीएवढं हृदय म्हणून सांगते, फळ्यावर काढून दाखवते. पडद्यावरचं ते माझं होतं आणि चालू होतं. यांच्याकडं पाहिलं, त्यांना बोलवत नव्हतं.

मग त्यांनी शेवटची चित्रं लावली. तेच कडं आता काळंभोर. आणि बाहेरच्या अंगाला, खालच्या-बाजूच्या भिंतीत, एक पांढरी रेघ. आतली कड काळीच होती. मॅडमनी पेनानं आतली कड दाखवली आणि म्हणाल्या, "हे महत्त्वाचं." नळी बंद होऊन झटका येतो तेव्हा सगळ्यात आतल्या थराला रक्त आधी कमी पडतं, म्हणून झटक्याचा व्रण आतून सुरू होतो आणि बाहेर पसरत जातो, तोही त्या नळीच्या हद्दीत. माझा व्रण बाहेरच्या थरात होता आणि आतला थर शाबूत. मायोकार्डायटिसमध्ये व्रण बऱ्याचदा असाच आणि नेमका याच भिंतीत सापडतो. म्हणजे पावसाळ्यात डॉक्टरांनी जो अंदाज बांधला होता तो बरोबर होता. त्याच्या खुणेची जागा मी स्वतः बघत होते.

रिपोर्टमध्ये हेच शास्त्रीय शब्दांत आलं. सबएपिकार्डियल, म्हणजे बाहेरच्या थरातलं, लेट गॅडोलिनियम एनहान्समेंट, म्हणजे औषध रेंगाळून उशिरा दिसणारी ती पांढरी चमक, बेसल आणि मिड इन्फेरोलॅटरल भिंतीत, म्हणजे खालच्या-बाजूच्या भिंतीच्या वरच्या आणि मधल्या भागात. डाव्या कप्प्याचे सतरा भाग पाडतात आणि कुठल्या भागात काय ते लिहितात, त्यामुळं एका शहरातला रिपोर्ट दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरलाही तंतोतंत कळतो. व्रण एकूण स्नायूच्या सुमारे सहा टक्के. पंपिंग ५१ टक्के. इकोपेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा, कारण इथं कप्प्याचे सगळे काप मोजून घनफळ काढलेलं असतं. सूज नाही. मायोकार्डायटिस एमआरआयवर ओळखण्याचे लेक लुईस निकष म्हणून आहेत, २००९ मध्ये ठरवलेले आणि २०१८ मध्ये सुधारलेले. त्यांत सूज आणि स्नायूची इजा, दोन्ही बघतात. माझ्यात इजेची खूण होती, सूज ओसरलेली होती. म्हणजे आजार आता धगधगत नव्हता, मागं व्रण ठेवून गेला होता.

बीडला कार्डिऑलॉजिस्टनी रिपोर्ट वाचला, सीडी लॅपटॉपवर लावून स्वतः बघितली. आमच्या डोक्यात एकच प्रश्न होता, तो यांनी विचारला, "शॉक देणारं मशीन बसवावं लागंल का?" आयसीडी म्हणतात ते, ठोका धोकादायक झाला तर आतूनच विजेचा झटका देऊन सरळ करणारं. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही. पंपिंग ३५ च्या खाली घसरलेलं असतं, किंवा होल्टरमध्ये सलग वेगवान ठोके असते, किंवा व्रण दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधल्या थरात असता, तर जास्त काळजी केली असती. त्या जागेचा व्रण जास्त त्रासदायक मानतात. तुमचा छोटा आहे, बाहेरच्या अंगाला आहे. पण आहे, म्हणून सोडून द्यायचं नाही.

बीटा ब्लॉकरचा, म्हणजे ठोके आटोक्यात ठेवणाऱ्या गोळीचा, डोस वाढवला, दुसरी एक गोळी सुरू केली. दम लागेपर्यंत पळणं, स्पर्धा, जड ओझं, सध्या सगळं बंद. चालणं चालू. अंधारी आली, छातीत धडधड थांबेना झाली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. पुन्हा ताप आला आणि छातीत दुखलं तर "मागं मायोकार्डायटिस होऊन गेलाय" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. मी ते एका कागदावर लिहून रिपोर्टच्या झेरॉक्ससोबत पर्समध्ये ठेवलंय, आणि एक प्रत मुख्याध्यापकांकडं दिलीय. शाळेत काही झालं तर सोबतच्या माणसाला सांगता यायला हवं.

मामींना मी रिपोर्ट वाचून दाखवला नाही, चित्र दाखवलं. मोबाइलवर फोटो होता. त्यांनी चष्मा पुसून पांढरी रेघ बघितली. "येवढीशीच हाय की," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "जाईल का ती?" मी खरं ते सांगितलं. सूज असते ती जाते, सुरुवातीची पांढरी खूण काही जणांत पुढं लहानही होते, पण पक्का व्रण राहतो. त्याला सांभाळून जगायचं.

आता जादा ठोके कमी झालेत, पूर्ण गेलेले नाहीत. दसऱ्यानंतर पुन्हा होल्टर आणि इको आहे. त्यात पंपिंग घसरलेलं दिसलं तर एमआरआय परत करायचा आणि व्रण वाढलाय का ते जुन्या चित्रांशी ताडून बघायचं, म्हणून सीडी जपून ठेवायला सांगितलंय. सीडी चालवायचं यंत्र आता सहज सापडत नाही, तेव्हा सेंटरमध्येच सगळी चित्रं पेन ड्राइव्हवरही मागून घ्या. नुसता कागदाचा रिपोर्ट पुढच्या डॉक्टरला पुरत नाही. जोडवी मी परत घातलीत, जरा सैल करून घेऊन.